भरवणं, कोंबणं आणि गावाज

स्वतःच्या पोटात वाजवीपेक्षा जास्त ढकलण्यासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. हादडणं, चापणं, ओरपणं, रेटणं, आडवा हात मारणं. पण दुसऱ्याच्या पोटात ढकलायची वेळ आली की आपली शब्दसंपत्ती एकदम मायाळू होते: भरवणं, खाऊ घालणं, वाढणं. फार झालं तर ‘कोंबणं’, आणि तेही पोत्यालाही चालतं आणि पोरालाही. खाणाऱ्याची भूक न विचारता, त्याच्या गळ्याखाली अन्न उतरवण्याच्या कृतीला फ्रेंच भाषेत मात्र स्वतंत्र नाव आहे: गावाज. आपल्या गावाशी त्याचा काही संबंध नाही. शेवटचा ‘ज’ टेलिव्हिजनमधल्या ‘ज’सारखा मऊ म्हणायचा.

मला हा शब्द पहिल्यांदा भेटला तो एका औषधाच्या प्रयोगाबद्दल वाचताना. उंदरांना औषध ‘ओरल गावाज’ने दिलं, असं लिहिलं होतं. मी बरेच दिवस ते एखाद्या उपकरणाचं नाव समजत होतो. मग तोच शब्द बदकाच्या यकृताच्या पदार्थाबद्दल वाचताना आला, नंतर अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या संदर्भात आणि शेवटी तुरुंगांच्या इतिहासात. बदक, बाळ, उंदीर आणि कैदी एकाच शब्दाखाली कसे आले, हे कळायला त्या शब्दाच्या घशात उतरावं लागतं.

घशात, हे शब्दशः. ‘गावाज’ आला ‘गावे’ या क्रियापदापासून, आणि ‘गावे’च्या मुळाशी आहे फ्रान्सच्या बोलींमधला गळ्यासाठीचा, नेमकं सांगायचं तर पक्ष्याच्या गळ्याखालच्या पिशवीसाठीचा शब्द. कोंबडी दाणे टिपते तेव्हा ते आधी या पिशवीत साठतात. जीवशास्त्राच्या पुस्तकात तिला अन्नपुट म्हणतात. म्हणजे ‘गावे’चा मूळ अर्थ ‘पोट भरणं’ नाही, ‘पिशवी भरणं’ आहे. याच मुळापासून आल्प्सच्या डोंगराळ लोकांना ‘गाव्हो’ हे टोपणनाव पडलं असावं, असं व्युत्पत्तिकार मानतात. आयोडीनच्या कमतरतेमुळे डोंगरात गलगंड सर्रास असायचा आणि गळा पिशवीसारखा दिसायचा. त्या लोकांच्या नाचाला ‘गाव्होत’ म्हणू लागले आणि तो पुढे राजदरबारी पोचला. झुलत्या पायांचा तो नाजूक नाच आणि बदकाच्या घशातलं नरसाळं एका आजीची नातवंडं निघावीत, हे मला फार आवडतं.

गंमत म्हणजे ज्या पक्ष्यांमुळे हा शब्द जगभर गेला, त्या बदकांना आणि हंसांना खरं अन्नपुट नसतंच. त्यांची अन्ननलिका खालच्या बाजूला ताणून रुंद होते, इतकंच. पण ती भलतीच ताणते आणि सगळा उद्योग त्यावरच उभा आहे.

शब्द एकोणिसाव्या शतकातला असला तरी कृती फार जुनी. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या भिंतींवर, माणसं पिठाच्या लांबट गोळ्या वळताना आणि त्या हंसांच्या, क्रौंच पक्ष्यांच्या चोचीत ढकलताना कोरली आहेत. जवळच मेरेरुकाच्या थडग्यात तर तरसांना उताणं पाडून, पाय बांधून भरवलेलं दिसतं. तरसाला जबरदस्तीनं खायला घालायची वेळ कुणावर का यावी, यावर अभ्यासकांचे तर्क चालू आहेत. मी मात्र ते पाय बांधणाऱ्याच्या धाडसाचा विचार करतो.

यातलं पहिलं लिखित, पायरी-पायरीचं वर्णन मला रोमन मुत्सद्दी केटोकडे सापडतं. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात त्यानं शेतीवर लिहिताना कोंबड्या आणि हंस कसे ठासून भरायचे ते सांगितलं. पीठ भिजवून वळकट्या करा, पाण्यात बुडवा, तोंडात घाला, रोज थोडं थोडं वाढवा, दिवसातून दोनदा भरा, दुपारी पाणी द्या. आणि मधेच एक छोटं वाक्य येतं: किती पुरेसं, ते गळ्यावरून ठरवा.

या वाक्यापाशी जरा थांबू, कारण सगळा विषय त्यात आहे. खुराड्यापुढे उकिडवा बसलेला माणूस कोंबडीच्या मानेखाली अंगठा फिरवतो. पिशवी मऊ लागली तर आणखी एक गोळी, टणक लागली तर बस. पुरे झालं की नाही याचा निर्णय होतोय आणि काळजीपूर्वक होतोय. फक्त तो ज्याचा गळा त्याचा नाही, ज्याचा अंगठा त्याचा आहे. अतिखाणं आणि गावाज यांत फरक इथे पडतो. अतिखाण्यात ‘अति’ खाणाऱ्याच्या पोटाला कळतं. गावाजमध्ये ‘पुरेसं’ या शब्दाची मालकीच बदलते.

रोमनांना याचा अतिरेक होतोय हेही लवकर लक्षात आलं होतं. इसवीसनपूर्व 161 मध्ये फानियस या कॉन्सलच्या, म्हणजे रोमच्या एका सर्वोच्च अधिकाऱ्याच्या नावानं कायदा झाला. त्यानुसार जेवणात एकच कोंबडी ठेवता येई आणि तीही मुद्दाम पुष्ट केलेली चालत नसे. रोमन लेखक प्लिनी सांगतो की लोकांनी लगेच पळवाट काढली आणि कोंबडीऐवजी कोंबडे दुधात भिजवलेल्या खाण्यावर पोसायला सुरुवात केली. कायद्यात ‘कोंबडी’ लिहिलं होतं ना!

त्याच रोमनांनी भाषेत एक खूण मागे ठेवली. प्राण्यांना अंजीर खायला घालून यकृत मोठं करायची ग्रीकांची युक्ती त्यांनी उचलली. अशा यकृताला लॅटिनमध्ये ‘येकुर फिकातुम’ म्हणत. येकुर म्हणजे यकृत (आपल्या संस्कृत ‘यकृत्’चा सख्खा भाऊ) आणि फिकातुम म्हणजे अंजीर घातलेलं. बोलता बोलता लोकांनी ‘येकुर’ टाकून दिला आणि नुसतं ‘फिकातुम’ ठेवलं. त्यातून इटालियन ‘फेगातो’, स्पॅनिश ‘इगादो’, रोमानियन ‘फिकात’ आणि फ्रेंच ‘फ्वा’ आले. आज या भाषा बोलणारा कुणीही डॉक्टरला ‘यकृत दुखतंय’ म्हणतो तेव्हा मुळात तो ‘अंजीर घातलेलं दुखतंय’ म्हणत असतो. ग्रीकमध्येही हेच झालं: तिथलं आजचं ‘सिकोती’, म्हणजे यकृत, अंजिरावरूनच आलेलं आहे. एका खुराकानं माणसाच्या अवयवाचं नाव बदलल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी ओळखीचं नाही.

मध्ययुगीन युरोपात हंस पुष्ट करण्याचं कौशल्य मुख्यतः ज्यू कुटुंबांनी टिकवलं. डुकराची चरबी धर्मानं वर्ज्य, उत्तरेकडे ऑलिव्हचं तेल मिळेना, मग स्वयंपाकाला हंसाची चरबी. पण रब्बींपुढे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंपुढे, एक पेच होता. जबरदस्तीनं भरवताना हंसाच्या अन्ननलिकेला भोक पडलं तर तो पक्षी खायला निषिद्ध ठरतो. त्यामुळे कत्तलीनंतर घसा तपासायचा की नाही, मुळात असं भरवायचंच की नाही, यावर शतकानुशतकं वाद झाले. क्रूरतेच्या चर्चेच्या कितीतरी आधी कुणीतरी त्या घशात डोकावून जखम शोधत होतं.

अमेरिका खंडातून मका युरोपात आला आणि चित्र बदललं. नैऋत्य फ्रान्समध्ये मका रुजला आणि पुढे तोच खुराक ठरला. मक्यात स्टार्च भरपूर आणि प्रथिनं कमी. बदकाचं यकृत त्या स्टार्चची चरबी बनवतं, पण ती चरबी यकृताबाहेर वाहून न्यायला लागणारी सामग्री पुरेशी नसते, म्हणून ती तिथेच साठत जाते. स्थलांतर करणारे पाणपक्षी लांबच्या उड्डाणाआधी स्वतःहून भरपूर खाऊन थोडी चरबी यकृतात साठवतात. गावाज ही नैसर्गिक सोय पकडतो आणि ताणतो. आज फ्रान्समध्ये यासाठी मुख्यतः दोन जातींच्या संकरातून झालेलं बदक वापरतात. त्याला शेवटचे दहा-बारा दिवस दिवसातून दोनदा नळीनं मक्याचा लगदा दिला जातो. युरोपीय संघाच्या नियमानुसार ‘फ्वा ग्रा’ (शब्दशः ‘चरबीयुक्त यकृत’) म्हणवून घ्यायला बदकाचं यकृत किमान 300 ग्रॅम आणि हंसाचं 400 ग्रॅम भरावं लागतं. साध्या बदकाचं यकृत शंभर ग्रॅमलाही पोचत नाही. म्हणजे इथे ‘अति’ हा दोष राहिलेला नाही, ती किमान अट झाली आहे.

फ्रान्सनं 2006 मध्ये हा पदार्थ आपला सांस्कृतिक आणि पाकशास्त्रीय वारसा असल्याचं कायद्यात लिहिलं आणि व्याख्येत ‘गावाजनं पुष्ट केलेलं’ हे शब्द घातले. शब्द लपवला नाही, उलट मिरवला. कॅलिफोर्नियाच्या 2004 च्या कायद्यानं नेमका याच कृतीवर बोट ठेवून 2012 पासून बंदी आणली. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये या पद्धतीविरुद्ध निकाल दिला आणि भारतानं 2014 मध्ये या पदार्थाची आयातच बंद केली. एकच क्रिया, एका देशाच्या कायद्यात गुणवत्तेची खूण आणि दुसऱ्याच्या कायद्यात गुन्हा.

आता पक्ष्यांकडून माणसांकडे येऊ, आणि त्या वळणावर एक विलक्षण माणूस उभा आहे. ओदिल मार्तँ हा पॅरिसच्या एका प्राणिसंग्रहालयात कुक्कुटपालनाची यंत्रं बनवायचा. 1870 च्या दशकात त्याचं पक्षी भरवायचं यंत्र बघायला लोक जमत. एक गोल, मजल्यामजल्यांचा फिरणारा पिंजरा, समोर बसलेला माणूस, हातात नळी आणि पायाखाली पंप. पिंजरा जरासा फिरवायचा, पुढची चोच पकडायची, पाय दाबायचा. याच मार्तँनं अंडी उबवायची पेटीही केली होती. ती पाहून स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञानं त्याला विचारलं की अशीच पेटी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी करता येईल का. 1880 च्या सुमारास ती पेटी पॅरिसच्या सूतिकागृहात बसली आणि काही वर्षांतच तार्निएनं या बाळांना रबरी नळीनं दूध द्यायला सुरुवात केली. त्या पद्धतीचं नाव तयारच होतं. ऊबही कोंबड्यांकडून आली आणि ‘गावाज’ हा शब्दही.

पण बाळापाशी पोचताना अर्थ अर्धा गळून पडला. मूळ शब्दात दोन गोष्टी जोडलेल्या होत्या: कसं (नळीनं, घशापलीकडे) आणि किती (अति). बाळाच्या गावाजमध्ये फक्त ‘कसं’ उरलं. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ सहसा घालता येत नाही. दूध तोंडात दिलं तर श्वासनलिकेत जायची भीती. म्हणून नर्स नाकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालपर्यंत नळी धरून मोजते, खूण करते आणि हलकेच आत सरकवते. सिरिंजचा दांडा काढून नुसती नळकांडी वर धरायची आणि त्यात आईचं दूध ओतायचं. ढकलायचं नाही, ते आपल्या वजनानं उतरू द्यायचं. अगदी लहान बाळाला सुरुवातीला एक-दोन मिलीलीटर, म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी. अतिभोजनाच्या शब्दानं जगातल्या सगळ्यात छोट्या जेवणाला नाव दिलं आहे.

त्याच काळात मोठ्यांच्या वाट्याला मात्र अर्थाचे दोन्ही अर्धे आले. पॅरिसचे डॉक्टर दबोव्ह यांनी 1881 च्या सुमारास क्षयरोग्यांना नळीनं दूध, अंडी, मांसाची पूड असा जबर खुराक द्यायला सुरुवात केली. क्षयाला औषध नव्हतं, रोगी खंगत जायचा, अन्नावरची वासना उडालेली असायची. मग भूक लागायची वाट न बघता वजन वाढवायचं. या उपचाराला ‘सुरालिमांतासियों’ म्हणत, म्हणजे सरळसरळ अतिपोषण. पुढची अनेक वर्षं क्षयाच्या आरोग्यधामांत भरपूर, सक्तीनं खाऊ घालणं हाच मोठा उपचार राहिला. जुन्या वैद्यकीय कोशांत ‘गावाज’समोर ‘नळीनं आहार’ आणि ‘अतिपोषण’ असे दोन्ही अर्थ दिसतात, ते या काळामुळे. रोग्याला ते नको असायचं आणि तरी हेतू त्याच्या भल्याचा असायचा, ही या शब्दाची सगळ्यात अवघड जागा आहे.

तुरुंगात हेतूही संशयास्पद झाला. ब्रिटनमध्ये स्त्रियांसाठी मताधिकार मागणाऱ्या मॅरियन वॉलेस डनलॉप यांनी जुलै 1909 मध्ये तुरुंगात उपोषण केलं आणि 91 तासांनी त्यांना सोडावं लागलं. सप्टेंबरपासून बर्मिंगहॅमच्या तुरुंगात अशा स्त्रियांना धरून, दाबून, नळीनं अन्न घालणं सुरू झालं. सरकार त्याला ‘कृत्रिम आहार’ म्हणायचं, त्या स्त्रिया ‘सक्तीचा आहार’ म्हणायच्या. भांडण या दोन विशेषणांचंही होतं. लेडी कॉन्स्टन्स लिटन यांना मोठ्या घराण्यामुळे सवलत मिळते हे कळल्यावर जानेवारी 1910 मध्ये त्या केस कापून, जेन वॉर्टन नावाची शिवणकाम करणारी बाई बनून लिव्हरपूलच्या तुरुंगात गेल्या. तिथे हृदय न तपासता त्यांना नळी घातली गेली. तपासलं असतं तर त्यांचा जुना हृदयविकार कळला असता.

लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी राजकीय कैद्यांच्या हक्कांसाठी उपोषण केलं, तेव्हा सक्तीनं भरवण्याच्या झटापटीत अन्न त्यांच्या फुप्फुसात गेलं. 63 व्या दिवशी, 13 सप्टेंबर 1929 रोजी ते गेले. नर्स ज्या भीतीनं दूध इतकं हलकं उतरवते, तीच ही भीती, इथे खरी झालेली.

जागतिक वैद्यकीय संघटनेनं 1975 च्या टोकियो घोषणेत म्हटलं की परिणामांची पूर्ण जाण असलेला कैदी अन्न नाकारत असेल तर डॉक्टरनं त्याला कृत्रिमरीत्या भरवू नये. 1991 च्या माल्टा घोषणेनं ते आणखी स्पष्ट केलं. अमेरिकेच्या ग्वांटानामो इथल्या लष्करी कोठडीत 2013 मध्ये तरीही नळ्या गेल्या, पण अधिकृत कागदांत शब्द होता ‘आंत्रमार्गी आहार’, आणि उपोषणालाच ‘दीर्घकालीन बिगरधार्मिक उपवास’ म्हणायला सुरुवात झाली. कोंबड्यांच्या खुराड्यात जो शब्द मोकळेपणानं वापरला जातो, तो तुरुंगाच्या दाराशी येताच लाजतो, हे मी या विषयात सतत पाहिलं.

पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या काही भागांत मुलींना लग्नाआधी जाड करण्यासाठी दूध आणि धान्याचं जेवण सक्तीनं भरवायची चाल होती आणि पूर्ण संपलेली नाही. तिथल्या हस्सानिया भाषेत तिला ‘लब्लूह’ म्हणतात, फ्रेंच बोलणारे ‘गावाज’. नळी नसते. समोर वाडगा घेऊन बसलेली एक वयस्क बाई असते, आणि मुलगी थांबली तर पायाची बोटं दोन काड्यांमध्ये चिमटीत धरली जातात. नळी हा या शब्दाचा गाभा नाही हे यावरून कळतं. गाभा आहे तो ‘थांब’ म्हणण्याचा हक्क काढून घेणं.

प्रयोगशाळेतल्या उंदरांचं लवकर आटपतो, कारण तिथे अर्थ कोरडा झालेला आहे. टोकाला गोल मणी असलेली बोथट सुई, तोंडातून जठरापर्यंत, किलोमागे सहसा 10 मिलीलीटरच्या आत. उंदराचं पोट भरणं हा उद्देशच नाही. औषधाची नेमकी मात्रा पोटात गेली याची खात्री हवी, एवढंच.

डोक्यात माहिती कोंबण्यासाठी तर हीच प्रतिमा सगळ्या युरोपला सुचली. इंग्रजीत परीक्षेआधीच्या घोकंपट्टीचा ‘क्रॅम’ आणि कोंबड्या ठासण्याचा ‘क्रॅम’ एकच. जर्मनांनी सतराव्या शतकात ‘न्यूरेंबर्गचं नरसाळं’ काढलं: मुलाच्या डोक्याला नरसाळं लावायचं आणि वरून विद्या ओतायची. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिक सरकारी प्रचाराला ‘कवटी ठासणं’ म्हणायचे.

आणि आजचा ‘गावे’? फ्रेंच तरुण वैतागला की म्हणतो ‘सा म गाव’. शब्दशः ‘हे मला कोंबतंय’, अर्थानं ‘डोकं उठवलंय’. आपण ‘अजीर्ण झालंय’ म्हणतो त्याच्या अगदी जवळ. बोर्डो शहराच्या आसपास तर ‘गावे’ हे साधं ‘खूप’ झालंय: ‘गावे ब्यां’ म्हणजे एकदम भारी. फ्वा ग्राचे मळे तिथून दोन-तीन तासांवर आहेत, पण ‘गावे ब्यां’ म्हणणाऱ्या पोरांना बदक आठवत नाही. त्यांना एवढंच म्हणायचं असतं की मजा आली, आणि पोटभर आली.